बंदरातील जड मालाचे वर्गीकरण व हाताळणी शुल्क

जहाजातून येणारा अथवा जाणारा माल कोणत्या प्रकारचा आहे, त्याचे वजन व आकारमान किती आहे आणि तो उचलण्यासाठी कोणती साधने लागतात, हे ठरवून त्यानुसार बंदराने आकारणी करणे, या पद्धतीस बंदरातील मालाचे वर्गीकरण व हाताळणी शुल्क असे म्हणतात. भारतात मोठ्या बंदरांचे दर अधिकृत दरपत्रकाने जाहीर केले जातात. महाराष्ट्रात मुंबई बंदर आणि रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर ही दोन मोठी बंदरे या विषयाच्या अभ्यासासाठी महत्त्वाची आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगर, जालना यांसारख्या औद्योगिक शहरांतील मालाची किंमतही या दरपत्रकाशी बांधलेली असते.

संज्ञा

मराठीत 'गोदी' म्हणजे जहाज सुरक्षित उभे राहण्यासाठी बांधलेले बंदिस्त जलाशय आणि 'धक्का' म्हणजे जहाज टेकते तो बांधलेला काठ. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यामुळे हा दुसरा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. माल धक्क्यावरून नेल्याबद्दल द्यावयाच्या शुल्कास इंग्रजीत व्हार्फेज म्हणतात. मराठीत त्यास धक्काशुल्क म्हणणे अर्थपूर्ण ठरते, मात्र व्यापारी व्यवहारात 'व्हार्फेज' हाच शब्द रूढ आहे. ठरलेल्या मोफत दिवसांनंतरही माल बंदरात पडून राहिला तर लागणारे शुल्क म्हणजे डेमरेज अथवा विलंबशुल्क. जहाज कंपनीचा रिकामा कंटेनर वेळेत परत न केल्यास कंपनी जी रक्कम घेते तिला डिटेन्शन म्हणतात. पहिली रक्कम बंदराकडे किंवा टर्मिनलकडे जाते, दुसरी जहाज कंपनीकडे. नव्या निर्यातदारांची या दोहोंत नेहमी गल्लत होते आणि ती महागात पडते.

'टन' हा शब्द मुळात वजनाचा नव्हेच. मद्याच्या मोठ्या पिंपाला जुन्या इंग्रजीत जे नाव होते त्यावरून तो आला. जहाजात अशी किती पिंपे मावतात, यावरून जहाजाची क्षमता सांगत. त्यामुळे नौकानयनात 'टन' या एकाच शब्दाखाली वजन आणि जागा असे दोन अर्थ आजही नांदतात. मेट्रिक टन म्हणजे १००० किलोग्रॅम, ब्रिटिश लाँग टन सुमारे १०१६ किलोग्रॅम आणि अमेरिकी शॉर्ट टन सुमारे ९०७ किलोग्रॅम. जहाजाचे 'ग्रॉस टनेज' हे मात्र त्याच्या बंदिस्त जागेचे माप आहे, वजनाचे नाही. पायलट, बंदर-देय, धक्क्यावर उभे राहण्याचे भाडे ही जहाजावरील शुल्के सामान्यतः या टनेजवर आकारतात. जहाज प्रत्यक्षात किती वजन वाहू शकते हे 'डेडवेट टनेज' सांगते. परीक्षेत विद्यार्थी हे दोन्ही एकच समजून लिहितात, म्हणून हा भेद येथे मुद्दाम नोंदवला आहे.

वजन की आकारमान

सुट्या मालाच्या आकारणीतील जुना आणि सर्वत्र मान्य नियम असा की, एक मेट्रिक टन वजन आणि एक घनमीटर आकारमान यांपैकी जे अधिक भरेल त्यावर दर लावावा. मेट्रिक पद्धतीपूर्वी ४० घनफूट म्हणजे एक टन असे धरत, म्हणजे सुमारे १.१३ घनमीटर. अशा रीतीने निघालेल्या टनास आकारणीचा टन म्हणता येईल.

उदाहरणासाठी दर प्रतिटन १०० रुपये असा धरू. हा आकडा केवळ हिशेबापुरता आहे. एक यंत्र ५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच खोक्यात बांधले आहे. त्याचे आकारमान ३० घनमीटर होते. वजन १२ टन आहे. ३० हा आकडा मोठा असल्याने आकारणी ३० टनांवर, म्हणजे ३००० रुपये होईल. दुसरीकडे २० टन पोलादी पत्र्याची गुंडाळी तीन-चार घनमीटरांत बसते. तिची आकारणी वजनावर, म्हणजे २००० रुपये होईल. वजनाने हलका असलेला माल अधिक पैसे देतो. वरवर हा अन्याय वाटतो, परंतु जहाजाच्या खणात, शेडमध्ये आणि धक्क्यावर यंत्राने अडवलेली जागा गुंडाळीच्या कितीतरी पट आहे आणि त्या जागेत दुसरा माल ठेवता येत नाही.

मात्र हा नियम सर्व मालाला लागू होत नाही. कोळसा, खनिज, धान्य, खत यांची आकारणी वजनावरच होते. खनिज तेल नळीतून उतरते, त्याचे दरही टनावर असतात. मोटारगाड्यांचे दर बहुधा नगावर असतात. काही मालावर पूर्वी किमतीच्या टक्केवारीने धक्काशुल्क घेतले जाई. या पद्धतीत महाग यंत्रावर अधिक शुल्क पडे, पण ते उचलण्याचा खर्च किमतीबरोबर वाढत नाही. म्हणूनच दर-नियमनाच्या काळात वजन, आकारमान किंवा नग हेच आधार स्वीकारण्याकडे कल राहिला, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे.

जड माल म्हणजे काय

किती वजनाला जड म्हणावे याची एकच जागतिक व्याख्या नाही. बंदराकडे असलेली क्रेन, धक्क्याची प्रति चौरस मीटर भार पेलण्याची शक्ती आणि जहाजाची स्वतःची उचलसाधने यांवर ते अवलंबून असते. म्हणून दरपत्रकांत वजनाचे टप्पे पाडतात आणि टप्पा चढला की उचल-दर चढतो. ही वाढ सरळ प्रमाणात नसते. दहा टनांचे पाच नग उचलणे आणि पन्नास टनांचा एक नग उचलणे यांत एकूण वजन सारखेच असले, तरी दुसऱ्या कामासाठी वेगळी क्रेन, वेगळ्या साखळ्या, गुरुत्वमध्याचा हिशेब आणि बराच वेळ लागतो. त्या काळात धक्क्यावरील इतर काम थांबते.

व्यवहारात पुढील नावे आढळतात. गोण्या, गासड्या, पेट्या, पिंपे, पोलादी नळ्या असा नगानगाने मोजला जाणारा माल म्हणजे ब्रेक बल्क. कारखाना किंवा वीजकेंद्र उभारण्यासाठी येणारी बॉयलर, रोहित्रे, टर्बाइन यांसारखी सामग्री म्हणजे प्रोजेक्ट कार्गो. नेहमीच्या वाहनात किंवा कंटेनरमध्ये न मावणाऱ्या नगास ओव्हर डायमेन्शनल कार्गो म्हणतात आणि त्याचे 'ओडीसी' हे लघुरूप वाहतूकदारांच्या तोंडी असते. ओडीसी माल जड असतोच असे नाही. पवनचक्कीचे पाते लांबीमुळे या वर्गात मोडते. असा नग छप्पर नसलेल्या किंवा बाजूंच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर बांधतात, त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागेचेही पैसे द्यावे लागतात.

जड नगावर त्याचे वजन लिहिलेले असावे, ही साधी अपेक्षा कायद्यात यायलाही वेळ लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२९ मध्ये केलेल्या करारानुसार जलमार्गाने पाठवावयाच्या एक हजार किलोग्रॅम किंवा अधिक वजनाच्या प्रत्येक नगावर एकूण वजन ठळक व टिकाऊ रीतीने लिहिणे आवश्यक ठरले. भारताने त्यासाठी १९५१ मध्ये 'मार्किंग ऑफ हेवी पॅकेजेस' हा कायदा केला. यामागे शुल्काचा विचार नव्हता. वजन न कळल्याने अपुऱ्या शक्तीची क्रेन लावली जाते, साखळी तुटते आणि खाली उभा असलेला कामगार मरतो, हा अनुभव त्यामागे होता.

चुकीच्या वर्गीकरणाची किंमत

मुंबईने ही किंमत १४ एप्रिल १९४४ रोजी मोजली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टाइकिन' या जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा, कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा असा माल होता. युद्धकाळाच्या घाईत कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात, एकमेकांच्या लगत भरली गेली होती. कापसाला लागलेली आग आटोक्यात आली नाही आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण ते शेकड्यांत होते यात दुमत नाही. अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आज धोकादायक मालाचे आंतरराष्ट्रीय संकेतानुसार नऊ वर्ग केलेले आहेत. कोणता वर्ग कोणत्या वर्गापासून किती दूर ठेवावा याचे कोष्टक असते आणि अशा मालाला वाढीव हाताळणी दर लागतो. दर वाचवण्यासाठी मालाचे खरे नाव लपवण्याचा मोह या वाढीव दरातूनच निर्माण होतो. दर ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक असते.

कंटेनर

कंटेनरने वर्गीकरणाचा प्रश्न एका अर्थाने सोपा केला. आत काय आहे यापेक्षा पेटी किती फुटी, भरलेली की रिकामी, साधी, शीतक की धोकादायक मालाची, एवढेच बंदर पाहू लागले. वीस फुटी कंटेनर हे मोजणीचे एकक झाले, त्यास टीईयू म्हणतात. भारतीय दरपत्रकांत चाळीस फुटी कंटेनरचा दर साधारणतः वीस फुटीच्या दीडपट धरण्याची प्रथा आहे.

येथे एक गंमत आहे. वीस फुटी कंटेनरचे कमाल एकूण वजन ३०.४८ टन असू शकते आणि चाळीस फुटीचेही तेवढेच. चाळीस फुटीत जागा दुप्पट, सुमारे ६७ घनमीटर असते. वीस फुटीत सुमारे ३३ घनमीटर. परंतु स्वतःचे वजन अधिक असल्यामुळे चाळीस फुटी पेटीत प्रत्यक्ष माल वीस फुटीपेक्षा किंचित कमीच वजनाचा भरता येतो. म्हणून पोलाद, भंगार, दगड, रसायने हा घट्ट माल वीस फुटीत जातो, तर कपडे, प्लास्टिकच्या वस्तू, फर्निचर हा पोकळ माल चाळीस फुटीत. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना लागणारे आयात भंगार पहिल्या गटात येते. त्या पेट्या वजनाने भरतात, जागा उरते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून परदेशी जाणाऱ्या दुचाकी-तीनचाकी वाहनांच्या बाबतीत उलट घडते. जागा भरते, वजन उरते. एकाच विभागातील दोन शेजारी शहरे एकाच बंदराच्या दरपत्रकातील दोन वेगळ्या बाजूंना उभी आहेत.

पेटी बंद झाली की आतील वजनाविषयी पाठवणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि हा शब्द बऱ्याचदा खोटा निघाला. जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नेपोली' हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडून भंगले. त्यावरील डेकवरच्या कोरड्या पेट्या तोलल्या असता सुमारे एक पंचमांश पेट्यांच्या घोषित व प्रत्यक्ष वजनात तीन टनांहून अधिक तफावत आढळली. पुढे समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन कळवणे बंधनकारक झाले. हे वजन दोन प्रकारे काढता येते. भरलेली पेटी वजनकाट्यावर तोलावी, किंवा आतील सर्व नग, बांधणीचे लाकूड वगैरे तोलून त्यात पेटीच्या दारावर लिहिलेले तिचे स्वतःचे वजन मिळवावे. जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. वजनाचा दाखला नसेल तर पेटी जहाजावर चढवू नये, असा नियम आहे.

दर कोण ठरवतो

मुंबई बंदर विश्वस्त मंडळ १८७३ मध्ये स्थापन झाले. प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये, व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ मध्ये सुरू झाली. त्या काळात दर मंडळ ठरवी आणि सरकार मान्यता देई. कापूस हा मुंबईचा मुख्य निर्यात माल होता. त्याचे भाव ७८४ पौंडांच्या खंडीवर बोलले जात आणि मेट्रिक पद्धती येऊन सहा दशके उलटली तरी कापूस बाजारात ही खंडी, म्हणजे सुमारे ३५६ किलोग्रॅम, टिकून आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६३ च्या मोठ्या बंदरांच्या कायद्याने दरपत्रकाची एकसारखी चौकट आली. १९९७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन मोठ्या बंदरांसाठी प्रशुल्क प्राधिकरण निर्माण झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते 'टॅम्प' म्हणून ओळखले जाई. त्यामागील कारण न्हावा-शेव्यातच दिसते. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरात १९९७ मध्ये खासगी टर्मिनलसाठी करार झाला. विश्वस्त मंडळ स्वतः एक टर्मिनल चालवते आणि शेजारच्या खासगी टर्मिनलचे दरही तेच ठरवते, ही स्थिती न्याय्य नव्हती. खासगी चालकाला मोकळे सोडले तर आयात-निर्यातदाराची अडवणूक होण्याची भीती होती. तेव्हा तिसऱ्या पक्षाने दर ठरवावेत असे ठरले.

प्राधिकरणाची पद्धत २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खर्चाधारित होती. चालकाचा वाजवी खर्च आणि गुंतवलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल असा दर ठरवला जाई. या पद्धतीत एक पेच होता. टर्मिनलने अधिक पेट्या हाताळल्या की दर पेटीमागचा खर्च उतरतो, आणि पुढच्या आढाव्यात दर कमी होतो. जो चांगले काम करील त्याचा दर घटेल, अशी ही रचना होती. न्हावा-शेव्यातील खासगी टर्मिनलांचे दर मोठ्या प्रमाणात उतरवण्याचे आदेश निघाले तेव्हा चालकांनी न्यायालयात दाद मागितली. दरम्यान २००८ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी निविदेपूर्वीच दर निश्चित करण्याची पद्धत आली आणि २०१३ मध्ये संदर्भदर व कामगिरीची मानके यांची सांगड घालणारी तत्त्वे आली. अखेर २०२१ च्या मोठी बंदरे प्राधिकरण कायद्याने दर ठरवण्याचा अधिकार प्रत्येक बंदराच्या मंडळाकडे दिला आणि तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायनिर्णय मंडळाची तरतूद केली. हा कायदा नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झाला. बाजारभावाचे तत्त्व आल्याने बंदरांत स्पर्धा वाढेल असा युक्तिवाद केला जातो. मराठवाड्यातील लहान उद्योजकाला मात्र निवडीसाठी फारशी बंदरे नाहीत, हेही खरे.

जयगड, दिघी यांसारखी राज्याच्या अखत्यारीतील बंदरे या चौकटीबाहेर आहेत. त्यांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत चालतो.

बिलात काय दिसते

दरपत्रकातील आकडा आणि कारखानदाराच्या हातात पडणारे बिल यांत अंतर असते. कंटेनरच्या बाबतीत टर्मिनल आपला दर जहाज कंपनीकडून वसूल करते. कंपनी आयात-निर्यातदाराकडून टर्मिनल हाताळणी शुल्क या नावाने वेगळी रक्कम घेते, आणि ती दरपत्रकाएवढीच असेल असे नाही. त्यात कागदपत्रांचे शुल्क, पेटीच्या सफाईचे शुल्क, वजनदाखल्याचे शुल्क, बंदराबाहेरील कंटेनर केंद्रातील भाडे अशी भर पडते. दर-नियमनाचा हात जहाज कंपनीपर्यंत पोहोचत नाही, ही निर्यातदार संघटनांची जुनी तक्रार आहे. आयात पेटी कंटेनर केंद्रात न नेता थेट बंदरातून उचलण्याची सोय न्हावा-शेव्यात वाढवण्यात आली, त्यामुळे पात्र आयातदारांचा एक टप्पा वाचतो.

ज्यांच्या पाठीवर हा माल चढला-उतरला त्यांचा उल्लेख दरपत्रकात क्वचितच येतो. गोदी कामगारांच्या नियमित रोजगारासाठी १९४८ मध्ये केंद्रीय कायदा झाला. गोदीबाहेरील बाजार, गुदामे व कारखाने येथील हमालांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. या कायद्याखालील मंडळे हमालीचे दर व त्यावरील लेव्ही ठरवतात. वजनावर आधारित मजुरी ही बंदरातील आकारणीची जमिनीवरील भावंडच होय.

छत्रपती संभाजीनगर आणि बंदर

या प्रदेशाचा समुद्राशी व्यापारी संबंध जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोच बंदरात नेला जाई, अशी नोंद आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे तीत म्हटले आहे. नाणेघाटातील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते.

आज शहरापासून न्हावा-शेवा सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील माल ट्रकने थेट बंदरात जातो, किंवा दौलताबादजवळील माळीवाडा येथील अंतर्गत कंटेनर आगारात सीमाशुल्काची तपासणी होऊन पुढे रवाना होतो. जालन्याजवळ शुष्क बंदर उभारण्याच्या कामाचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यावर मुंबईकडील प्रवासाचा वेळ घटला. मात्र रस्त्यावरचे वजनाचे नियम बंदराच्या नियमांहून वेगळे आहेत. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने मालवाहू वाहनांच्या आसभाराच्या मर्यादा वाढवल्या, तरीही ३०.४८ टनांची पेटी प्रत्येक वाहनावर कायदेशीररीत्या नेता येत नाही. म्हणून पेटीत किती भरावे हे पुष्कळदा जहाज नव्हे, तर ट्रकची चाके ठरवतात. रेल्वेने हा अडसर बराच कमी होतो.

पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील नियोजित बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. स्थानिक मच्छीमारांचा त्यास विरोध आहे. हे बंदर सुरू झाल्यावर मराठवाड्यातील निर्यातदारांना राज्यातच खोल पाण्याचे दुसरे मोठे कंटेनर बंदर उपलब्ध होईल. दोन्ही बंदरांत एकाच प्राधिकरणाचा मोठा वाटा असल्यामुळे त्यांच्या दरांत कितपत स्पर्धा राहील, हे त्यांच्या दरपत्रकांवरूनच कळेल.